पूर्वसंमती

माणसं वाचत नाहीत, हे यामिनी शेवाळेला तिच्या धंद्याने शिकवलं होतं. कोड लिहायच्या एडिटरसाठी ती प्लगइन, म्हणजे त्याला वरून जोडायचे छोटे प्रोग्रॅम, बनवायची. त्यातही तिच्या वाट्याला दोनच गोष्टी यायच्या: कामात मध्येच उघडून प्रश्न विचारणारे डायलॉग, आणि सेटिंग्जची पानं. वर्षानुवर्षं ती एकेक वाक्य घासूनपुसून लिहीत आली होती, आणि वर्षानुवर्षं लोक ते न वाचता खालचं बटण दाबत आले होते. सुरुवातीला तिला वाईट वाटायचं. पुढे राग यायला लागला. आता रागही उरला नव्हता. मेलेल्या झुरळाकडे पाहावं तशी ती आपल्या वापरकर्त्यांकडे पाहायची.

कोड लिहिणं तोवर माणसांच्या हातून गेलंच होतं. मशीन लिहायचं, मशीनच तपासायचं. मग कुठेतरी एका इमारतीची लिफ्ट कोसळली, आरडाओरडा झाला, आणि सरकारने कायदा केला: पाणी, वीज, लिफ्ट, दवाखाने, शीतगृहं, जिथे म्हणून माणसाच्या जिवाशी गाठ आहे तिथल्या प्रणालीतला एकही बदल जिवंत माणसाच्या संमतीशिवाय लागू होणार नाही. कायदा करणाऱ्यांना वाटलं, मध्ये माणूस बसवला की सगळं सुरक्षित. कंपन्यांना एवढंच कळलं, की मध्ये माणूस बसवला की खापर फोडायला डोकं मिळतं.

असे संमतीदार गावोगावी घरी बसले. एके काळी स्वतः कोड लिहिणारी आणि आता बेकार झालेली माणसं. एडिटरमध्ये मशीनने केलेला बदल दिसायचा, वर यामिनीचा डायलॉग उघडायचा आणि त्यात दोन बटणं: मान्य, अमान्य. ही माणसं दिवसभर 'मान्य' दाबत. यामिनी त्यांना नंदीबैल म्हणायची.

त्यातला एक नंदीबैल तिच्याच घरात, नाशिकला गंगापूर रोडवरच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये, खिडकीशी टेबल लावून बसायचा. तो तिचा नवरा, श्रीरंग. लग्न झालं तेव्हा तो तिच्यापेक्षा चांगला प्रोग्रामर होता. ही गोष्ट तिने विसरायचं ठरवलं होतं, आणि ती विसरलीही होती.

एका रविवारी दुपारी तिला लहर आली. तिने एक डायलॉग तयार केला आणि श्रीरंगच्या रांगेत सोडला: 'या बदलामुळे शेवाळे यांच्या स्वयंपाकघराला आग लागेल. मान्य?' शेजारच्या खोलीत बसून ती आपल्या पडद्यावर त्याचा पडदा पाहत होती, त्याचं चित्रण करत होती. डायलॉग उघडला. डायलॉग मिटला. मान्य.

"यामिनी, चहा टाकतेस का?" बाहेरून त्याचा आवाज आला.

सोमवारी तिने ते चित्रण कंपनीत सगळ्यांना दाखवलं. लोक पोट धरून हसले. सगळ्यात जास्त हसला तो कौस्तुभ दाणी, कंपनीचा मालक. हसता हसता तो थांबला.

"म्हणजे हे लोक हो म्हणणार हे आपल्याला आधीच ठाऊक असतं," तो म्हणाला. "मग विचारायचंच कशाला?"

त्यातून 'पूर्वसंमती' जन्माला आली.

तिच्यामागचं विज्ञान सोपं होतं. माणूस निर्णय बोलून दाखवतो त्याच्या आधीच त्याचं शरीर तो फोडतं. मन खरोखर विचारात पडलं की डोळ्याची बाहुली किंचित मोठी होते. उत्तर आधीच ठरलेलं असलं तर ती ढिम्म राहते. नजर ओळीवर फिरण्याआधीच माउस बटणाकडे घसरायला लागतो. लॅपटॉपच्या साध्या कॅमेऱ्याला हे सगळं दिसतं. काही आठवडे एखाद्या माणसाचे डायलॉग असे टिपले, की तो कशाला हो म्हणतो, कुठे अडखळतो, कशावर चिडतो याचं गणिती रूप तयार होतं. यामिनीच्या कंपनीने त्याला नाव दिलं संमती-छाप. नवा बदल आला की प्लगइन आधी छापेला विचारायचं. छापेने 'हो' म्हटलं की डायलॉग उघडायचाच नाही. त्या माणसाच्या नावाने मान्यतेची नोंद होऊन बदल पुढे जायचा. भाकीत जवळजवळ नेहमी बरोबर यायचं, कारण लोकांचं उत्तर नेहमी एकच असायचं. 'हो'चं भाकीत करायला विज्ञान लागत नाही; पण विज्ञान आहे म्हटल्यावर गिऱ्हाईक गळाला लागतं. ही कायद्याने संमती ठरते का, असं वकिलांना विचारलं. वकील म्हणाले, छाप माणसाचीच आहे, तेव्हा संमतीही माणसाचीच.

इकडे ते चित्रण फिरत फिरत श्रीरंगच्या एका मित्राकडे आणि तिथून श्रीरंगकडे पोचलं. तो भांडला नाही. रात्री जेवताना एवढंच म्हणाला, "मला दाखवायचं होतंस की. मीही हसलो असतो." यामिनीने पोळी वाढली आणि विषय बदलला.

पण त्या दिवसापासून तो वाचायला लागला. एकेक बदल पूर्ण उघडून, ओळ न् ओळ. दिवसाला शेकड्यांनी डायलॉग उडवणारा माणूस आता दुपारपर्यंत पाचपन्नासावर अडकून बसायचा, आणि त्यातले कितीतरी अमान्य करायचा. मध्येच तिला हाक मारायचा.

"हे बघ ना. दवाखान्याच्या जनरेटरचं आहे. कारण लिहिलंय 'सुधारणा'. कसली सुधारणा? कोणाची?"

"मशीनला तुझ्यापेक्षा जास्त कळतं, श्रीरंग."

"असेल. पण विचारलंय मला."

"विचारायची पद्धत असते म्हणून विचारतात. पाहुण्याला अजून एक पोळी घ्या म्हणतात तसं. लगेच ताट पुढे करायचं नसतं."

तो हसला नाही. पुन्हा पडद्याकडे वळला. यामिनीला वाटलं, पूर्वी नुसता नंदीबैल होता. आता स्वतःला विद्वान समजणारा नंदीबैल झाला.

पूर्वसंमतीचं सेटिंग्जचं पान अर्थातच यामिनीकडे आलं. एडिटरमधली सेटिंग्ज तीन थरांत असतात. तळाशी कंपनीने दिलेलं मूळ मूल्य. त्यावर वापरकर्त्याने स्वतः निवडलेलं. आणि सगळ्यात वर प्रकल्पाचं, म्हणजे ज्याचं काम चाललंय त्याने ठरवलेलं. वरचा थर खालच्याला झाकतो. सरकारने सुट्टी जाहीर केली, तुम्हालाही घरी बसायचंय, पण साहेबाने बोलावलं की साहेबाचंच चालतं, तसं. कौस्तुभने सगळ्या प्रकल्पांत पूर्वसंमती चालू ठेवायला सांगितलं. वापरकर्त्याच्या पानावर मात्र एक बटण हवं होतं, कारण कायद्यात 'निवडीचं स्वातंत्र्य' असा शब्द होता.

चाचण्या घेणारी रेणुका पठारे तिच्या टेबलाशी आली. "मॅडम, मी इथे पूर्वसंमती बंद केली. पानावर 'बंद' दिसतंय, पण प्रकल्पाचं मूल्य वर असल्यामुळे आत चालूच आहे. खाली एक ओळ टाकू या का, की हे सेटिंग प्रकल्पाने बदललंय म्हणून?"

"कोणासाठी?"

"वापरकर्त्यांसाठी."

यामिनी खुर्चीत मागे रेलली. "अगं, प्लगइनच्या सेटिंग्जमध्ये जाऊन, चौथ्या टॅबवर, खाली सरकत जाऊन हे बटण शोधणारा माणूस अजून जन्मायचाय. तो जन्मला की टाकू."

रेणुका गेली. पान तसंच बाहेर पडलं.

पुढच्या दिवसांत श्रीरंगकडचं काम रोडावलं. डायलॉग थोडेच यायचे, आणि तेही किरकोळ. "कमी झालंय सगळं," तो म्हणायचा. यामिनी म्हणायची, "बरंय की. आराम कर." पूर्वसंमती त्याच्या वतीने उत्तरं देतेय हे तिला ठाऊक होतं. त्याची छाप त्याच्या जुन्या दिवसांवरून बनली होती, तो आग लागण्यालाही हो म्हणायचा त्या दिवसांवरून, याचा विचार मात्र तिने केला नव्हता. नंदीबैलात जुना नि नवा असा भेद करावा असं तिला कधी वाटलंच नाही.

द्राक्षांचा हंगाम ऐन भरात असताना पिंपळगावजवळच्या एका शीतगृहात अमोनियाची नळी फुटली. गळती ओळखणारं यंत्र चांगलं होतं. पण ते क्षुल्लक कारणाने भोंगा वाजवतं आणि काम खोळंबतं, म्हणून मशीनने त्यात एक सुधारणा केली होती: वास लागताच ओरडायचं नाही, काही मिनिटं थांबून खात्री करायची. त्या काही मिनिटांत आत पेट्या भरणाऱ्या बायका वायूत सापडल्या. बाकीच्या खोकत, पडत-झडत बाहेर आल्या. लताबाई गांगुर्डे दार शोधत राहिल्या. त्यांचे दोन्ही डोळे गेले.

बदलाला संमती कोणाची, ते नोंदीत स्पष्ट होतं: श्रीरंग शेवाळे, नाशिक.

नोटीस आली तेव्हा यामिनी घरीच होती. तिने ती वाचली, टेबलावर टाकली.

"झालं समाधान?" ती म्हणाली. "हे तरी वाचायचं होतंस."

श्रीरंगचा चेहरा पांढरा पडला होता. त्याने नोटीस दोनदा वाचली. "हा बदल माझ्यासमोर आलाच नाही."

"आला असणार. तू पाहिला नसशील."

"यामिनी, भोंगा उशिरा वाजवायचा बदल मी मान्य करीन? मी?" त्याचा आवाज चढला. "मी ते आपोआपवालं बंद केलंय. पहिल्याच आठवड्यात."

"काय बंद केलंयस?"

"तुमची पूर्वसंमती. चौथ्या टॅबवर, खाली. हे बघ." त्याने लॅपटॉप तिच्याकडे वळवला.

पानावर 'बंद' असं होतं. अक्षरं तिचीच, रंग तिनेच निवडलेला. शब्द आणि बटण यांच्यातलं अंतरही तिनेच ठरवलेलं. यामिनी बराच वेळ त्या पानाकडे पाहत राहिली. नवरा काहीतरी बोलत होता, ते तिच्या कानात शिरत नव्हतं. शेवटी त्याने लॅपटॉप बंद केला आणि तो गॅलरीत जाऊन उभा राहिला.

संध्याकाळी कौस्तुभचा फोन आला. ती बेडरूमचं दार लावून बोलली.

"वाईट झालं," तो म्हणाला. "पण घाबरू नकोस. नवऱ्याच्या वकिलाचं आम्ही बघू. मला तुझ्याकडून छोटीशी दुरुस्ती हवीय. ते सेटिंग्जचं पान चूक दाखवतंय. वापरकर्त्याचं मूल्य दाखवतंय, खरं लागू असलेलं नाही."

"माहितीय मला."

"तर ते दुरुस्त करायचं. चालू असेल तर 'चालू' दिसलं पाहिजे. यात खोटं काहीच नाही. उलट इतके दिवस होतं ते खोटं होतं."

यामिनीला हे कळायला क्षणही लागला नाही. दुरुस्ती अगदी बरोबर होती. ती लागू झाली की जगातल्या प्रत्येक संमतीदाराच्या पानावर 'चालू' दिसेल, श्रीरंगच्याही. चौकशीवाले त्याचा लॅपटॉप उघडतील आणि त्यांना दिसेल, की या माणसाने पूर्वसंमती सुखाने चालू ठेवली होती.

"लोकांना वाटेल त्यानेच चालू ठेवलं," ती म्हणाली.

"लोक?" कौस्तुभ हसला. "लोक वाचतात का काही? तूच सांगतेस ना नेहमी."

"विचार करते."

"कर. दुरुस्ती लिहून तयार आहे, तुझ्याच नावावर पाठवतोय. नुसतं मान्य करायचंय."

तिने श्रीरंगला काही सांगितलं नाही. रात्रभर आणि दुसरा अख्खा दिवस ती विचार करत राहिली. ऑफिसात बसली, दोन बैठकांना गेली, जेवली. नोकरी गेली तर काय. कौस्तुभ वकील चांगला देईल. श्रीरंगला फार तर दंड होईल. आणि शेवटी ओळ न् ओळ वाचणारा हा शहाणा सापडलाच ना, तो सापडला यात तिचा काय दोष, इथवर ती येऊन पोचली होती. दुरुस्तीचा डायलॉग अजून उघडला नव्हता. उघडेल तेव्हा पाहू, असं ती स्वतःला सांगत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिने स्वतःच जाऊन पाहिलं. दुरुस्ती रांगेत नव्हती. ती फोन आला त्याच रात्रीपासून लागू होऊन सगळीकडे पसरत होती. शेजारी नोंद होती: मान्य, यामिनी शेवाळे.

कौस्तुभने ती पाठवली त्याच क्षणी मान्य झाली होती.

तिने स्वतःचं सेटिंग्जचं पान उघडलं. त्यावरही आता 'चालू' दिसत होतं. आपल्या टीमच्या प्रकल्पात चाचणीसाठी पूर्वसंमती तिनेच कधीतरी चालू केली होती आणि बंद करायची राहून गेली होती. इतके महिने मशीन तिचे डोळे पाहत होतं, तिचा हात पाहत होतं. नवऱ्याला बुडवणारा कागद पुढे आला तर ही बाई काय म्हणेल, असं त्याने तिच्या छापेला विचारलं होतं आणि छापेने उत्तर दिलं होतं. डायलॉग उघडण्याइतकीसुद्धा तिची पत्रास ठेवली नव्हती. शेकडो नंदीबैलांच्या नावांत तिचं एक नाव.

अपमानाने तिचे कान तापले. ती उठली, पर्स उचलली, रिक्षा करून घरी आली.

श्रीरंग टेबलाशी बसून लॅपटॉप उघडत होता. नोटीस आल्यापासून त्याने त्याला हात लावला नव्हता. आता वकिलाला दाखवायला पानाचा फोटो हवा होता.

"थांब!" ती ओरडली, आणि दारातूनच धावत जाऊन तिने भिंतीवरच्या राउटरची वायर खेचून काढली.

"काय करतेस?"

"तो नेटला जोडू नकोस. जोडलास की पान बदलेल."

"पान बदलेल म्हणजे?" त्याने तिच्याकडे पाहिलं. "पुरावा लपवतेस का माझा?"

"वाचवतेय," ती धापा टाकत म्हणाली. "जुनं पान आता फक्त तुझ्याकडे उरलंय."

मग तिने त्याला सगळं सांगितलं: तीन थर, रेणुकाची ओळ, कौस्तुभचा फोन. नोंदीतलं स्वतःचं नावही सांगितलं.

चौकशी जिल्हाधिकारी कचेरीतल्या एका कोंदट दालनात झाली. चौकशी अधिकारी इंदुमती थोरात या बाई चेहऱ्यावरची रेष हलू न देता ऐकणाऱ्या होत्या. यामिनीने लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला, जुनं पान दाखवलं, आत प्रकल्पाचं मूल्य दाखवलं. पानावर बंद, आत चालू.

"हे पान कोणी बनवलं?" थोरातबाईंनी विचारलं.

"मी."

"असं का?"

"ते कोणी उघडेल असं मला वाटलं नव्हतं."

बाईंनी ते लिहून घेतलं. मग कंपनीचे वकील उभे राहिले. चेहऱ्यावर मोठं सौजन्य होतं. "बाई, हे पान दुरुस्त करायला आपणच मान्यता दिलीत. नोंदीत आपलं नाव आहे. आता आपण त्याच दुरुस्तीविरुद्ध बोलताय?"

"मला विचारलं नव्हतं."

वकील कौस्तुभकडे पाहून हसले. "ते तर सगळेच म्हणतात, बाई."

कौस्तुभही हसला. यामिनी ते हसू ओळखत होती. ऑफिसात श्रीरंगचं चित्रण दाखवताना हेच हसू तिच्या तोंडावर होतं. तिची मान खाली गेली आणि बाईंनी दोनदा हाक मारेपर्यंत ती वर आली नाही.

निकाल लागायला पावसाळा उजाडला. श्रीरंगचं नाव वगळलं गेलं. पूर्वसंमतीवर बंदी आली. कंपनीने दंड भरला, नाव बदललं आणि तेच प्लगइन 'सुविधा' म्हणून शेजारच्या राज्यात विकायला काढलं. तिथल्या लोकांनी ते घेतलं, आणि घेताना अटींच्या पानावर न वाचता सही केली. यामिनीची नोकरी गेली होतीच. लताबाईंना कायद्याने ठरलेली भरपाई मिळाली. डोळे परत द्यायची तरतूद कुठल्याच कायद्यात नव्हती.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी श्रीरंग न्याहारी करून उठला आणि इस्त्रीचा शर्ट घालायला लागला. गेले काही महिने दोघं नीट बोलत होते, एकमेकांना ताट वाढत होते, पण पाहुण्यांसारखे.

"सुटलास एकदाचा," यामिनी म्हणाली. तो काहीतरी म्हणेल अशी तिला आशा होती. नाही म्हटलं तरी त्याच्यासाठी तिने नोकरी घालवली होती.

श्रीरंग बटणं लावत होता. "एक विचारू? कौस्तुभचा फोन संध्याकाळी आला. तू धावत घरी आलीस ती तिसऱ्या दिवशी सकाळी. मधला दिवस काय करत होतीस?"

"विचार."

"मला बुडवायचं की नाही, याचा?"

ती टेबलावरच्या बशा गोळा करायला लागली.

"आणि नोंदीत तुझं नाव दिसलं नसतं तर?" तो शांतपणेच बोलत होता. "तू मला वाचवायला आली नाहीस, यामिनी. तुला न विचारता तुझी मान डोलवली, त्याचा राग आला म्हणून आलीस."

नाही म्हणायला तिने तोंड उघडलं. इतक्या दिवसांत तिने ते उत्तर कितीदा मनात घोकलं होतं. पण तो समोर उभा होता, थांबला होता, आणि उत्तराची त्याला घाई नव्हती.

"हो," ती म्हणाली.

त्याने मान हलवली. रागावला नाही, सुटल्यासारखाही दिसला नाही. कॉलर नीट केली आणि खुंटीवरची स्कूटरची किल्ली घेतली.

"कुठे निघालास?"

"पिंपळगावला. लताबाईंना भेटून येतो. काही झालं तरी माझ्या नावाने झालंय ते." चपला घालता घालता तो म्हणाला, "मला उशीर होईल. जेवून घे."

यामिनी दारापर्यंत आली. पायरीवर क्षणभर थांबून त्याने खिसे चाचपले, रुमाल आहे ना ते पाहिलं, आणि तो जिना उतरायला लागला. तू येतेस का, असं त्याने तिला विचारलं नाही.